अर्धं वाक्य माझं, अर्धं फुसाए-सानचं

४ सप्टेंबर

डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला लावला आणि मूठ खाली वाकवली. मी खुर्चीतून अर्धी उठलेच. ते आपले शांत. म्हणाले, "हं, तेच आहे." अंगठ्याच्या मुळाशी शिरेचं आवरण सुजलंय म्हणे. टायपिंग किती करता, असं विचारलं तर मी म्हटलं, थोडंफार. डॉक्टरांशीसुद्धा खोटं बोलते मी.

"हाताला विश्रांती द्या. ते जमणारच नसेल तर निदान कीबोर्ड बदला. आत्ताचा कसा आहे?"

"जुना आहे. बटणं जरा जड आहेत."

"मग आधी तो काढून टाका."

घरी येऊन शोझोंच्या मागे हेच पालुपद लावलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, माझं डोकं खाण्यापेक्षा कुठेतरी लिहून काढ." म्हणून ही वही. नवरा निवृत्त होऊन घरी बसला की बायकोचं बोलणं त्याला जास्त व्हायला लागतं.

काळजी अंगठ्याची नाही, फुसाए-सानची आहे. आमचं काम जोडीचं. सभेत, व्याख्यानात कुणी बोलत असतं आणि ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं समोरच्या पडद्यावर ते वाचत असतात. बोलणारा आपल्यासाठी थांबत नाही, एकटीचे हात पुरत नाहीत. म्हणून वाक्याची सुरुवात मी टाइप करते आणि माझं संपायच्या आत फुसाए-सान त्याचा शेवट टाइप करायला घेते. वाचणाऱ्याला एक सलग वाक्य दिसतं. नियम एकच, जे बोललं जाईल ते लिहायचं. कुणी मध्येच "पंखा लावा हो" म्हणालं तर तेसुद्धा. ऐकणाऱ्यांना जे जे ऐकू येतं, त्यावर न ऐकणाऱ्यांचाही हक्क आहे, असं फुसाए-सानने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

आम्हाला ही कामं देणाऱ्या केंद्रात मिवा-सान म्हणून तिशीतली एक मुलगी तयार झाली आहे. तिची बोटं दिसतच नाहीत, इतकी पळतात. माझा हात दुखतो असं कळलं की तिथल्या प्रमुख साकाकिबारा-सान काळजीच्या सुरात म्हणतील, "इकुयो-सान, तुम्ही आराम करा," आणि माझ्या खुर्चीत मिवा-सान बसेल. फुसाए-सानलाही बरंच वाटेल कदाचित. मग मी काय करू, घरात बसून शोझोंचे मोजे जोडीने लावू?

९ सप्टेंबर

आज वाचनालयात शेवंतीच्या लागवडीवर व्याख्यान होतं. मध्येच मागच्या रांगेतून एक चिठ्ठी पुढे आली. "टायपिंगच्या खडखडाटामुळे वक्ते नीट ऐकू येत नाहीत. कृपया विचार व्हावा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खडखडाट माझाच. हा कीबोर्ड शोझोंच्या कारखान्याने मोडीत काढलेला, मूळचा पांढरा, आता दातांसारखा पिवळा. मी टाइप करायला लागले की अख्खं टेबल थरथरतं. घरी शोझो त्याला गिरणी म्हणतात. इतकी वर्षं लोकांनी मुकाट्याने सोसलं असेल आणि मला कुणी बोललं नसेल, या विचाराने घरी येईपर्यंत कान गरम होते.

फुसाए-सानने चिठ्ठी वाचली आणि दुमडून पर्समध्ये टाकली. "खडखडाट? मला तर कधी जाणवला नाही. लोकांना काहीतरी निमित्त हवं असतं, इकु-चान. तू बदलू नकोस हं तो."

किती मोठं मन. मला बरं वाटावं म्हणून सरळ खोटं बोलली. शेजारी बसून तिला ऐकू येत नाही असं होईल का?

तिच्याही हल्ली तऱ्हा वाढल्यात म्हणा. वक्त्याचा चेहरा दिसेल अशीच खुर्ची तिला लागते. भाषणाचे छापील कागद चार दिवस आधी मागवते. माझ्या वाक्याची वाट बघत असते तेव्हा डावा तळहात टेबलावर पालथा ठेवून बसते, भूकंप येतोय का बघत असल्यासारखी. शाळेत शिकवत होती, तेव्हाची शिस्त असेल.

१४ सप्टेंबर

शोझोंना घेऊन ओसूच्या बाजारात गेले. देवीच्या देवळात मेणबत्ती लावली आणि मगच दुकानात शिरले. कीबोर्ड घ्यायला कुणी देवदर्शन करून जातं का, असं शोझो विचारत होते. करतात, मी करते.

आत गेल्यावर माझं अवसानच गळालं. भिंतभर कीबोर्ड. काही जोर लावून दाबायचे, काही नुसता स्पर्श केला की चालणारे, काही मधोमध दुभंगलेले, काही छपरासारखे दोन्हीकडे उतरते. प्रत्येकावर बोट ठेवून बघायची मुभा. मी प्रत्येकावर आमच्या कामातलं नेहमीचं पहिलं वाक्य टाइप केलं, "आता सभेला सुरुवात होत आहे". टाइप करतानासुद्धा मागे कुणी खोळंबलंय का बघत होते.

दुकानातला पोरगेला माणूस भलताच उत्साही. "बाईसाहेब, तुमचे खांदे आत वळलेत बघा. कीबोर्ड अरुंद असला की असं होतं. हा घ्या, दोन तुकड्यांचा. डावा तुकडा डाव्या खांद्यासमोर, उजवा उजव्या. मनगट सरळ राहतं."

"याचा आवाज?"

"आवाज नाहीच. शेजारी बाळ झोपलं तरी उठायचं नाही."

शोझो म्हणाले, "हिचा जीव आवाजात अडकलाय. हात तुटला तरी चालेल, पण कुणाला कळता कामा नये."

मग त्याने गोळ्याचा माउस दाखवला. माउस जागेवरच, फक्त बोटांनी गोळा फिरवायचा, म्हणजे मनगट हलत नाही. अंगठ्याने फिरवायचा एक आणि बोटांनी फिरवायचा एक. मी अंगठ्याचा उचलला आणि कळ आली, तेव्हा बोटांचा घेतला. मनगटाखाली ठेवायची उशी घेतली, जेलची नको, ती उन्हाळ्यात घामट होते, म्हणून लाकडाची. दोन वेळा पैसे द्यायच्या खिडकीपाशी गेले आणि दोन वेळा परत फिरले. बटणं फारच मऊ आहेत का? दोन तुकडे टेबलावर मावतील का? फुसाए-सानच्या जागेत माझा तुकडा घुसला तर? तिसऱ्या वेळी शोझोंनी खोकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच जाऊन उभे राहिले.

नंतर किशिमेन खाल्लं. त्या चपट्या शेवया चॉपस्टिकने उचलतानासुद्धा अंगठा दुखला. पण बरं वाटत होतं. आता कुणाला माझा त्रास होणार नाही.

२१ सप्टेंबर

रेडिओ लावून सराव करते आहे. पहिले तीन दिवस बोटं परक्या घरात दिवा शोधावा तशी चाचपडत होती. आज जरा जमलं. मनगट खरंच कमी ठणकतं. आणि आवाज इतका कमी, की मला स्वतःलाच शंका येते, मी टाइप करतेय ना? शोझो शेजारच्या खोलीतून म्हणाले, "गिरणी बंद पडली वाटतं. झोप लागेना."

फुसाए-सानला अजून सांगितलं नाही. तिला एकदम चकित करायचं.

२८ सप्टेंबर

चकित झाली ती. पण नको तशी.

बंदराकडच्या वस्तीची मासिक सभा होती. आमचे वाचणारे तिथले कुझुया-सान. पन्नाशीत त्यांचा कान गेला, बोलणं मात्र शाबूत आहे, उलट दुपटीने मोठं झालंय. त्या वस्तीला समुद्राची धास्ती फार. इसेच्या खाडीतलं ते मोठं वादळ झालं तेव्हा कुझुया-सान तान्हे होते, बापाने टोपलीत घालून छपरावर नेलं होतं. म्हणून पाणी चढलं की सगळ्यांनी जिथे धाव घ्यायची, त्या वस्तीच्या आसरा-घराची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असते. कमरेला लावून हिंडतात.

मी कीबोर्डचे दोन तुकडे मांडले. फुसाए-सान बघतच राहिली. "हे काय?"

"नवा. अजिबात आवाज नाही."

तेवढ्यात सभा सुरू झाली आणि आमची घडीच बसेना. मी वाक्य सुरू केलं की ती थबकलेली. मी संपवून बसले की ती सुरुवात करते आहे. मध्येच दोघींनी एकच तुकडा टाइप केला. कुझुया-सान पडद्याकडे बघून भुवया उडवत होते. अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

नंतर नेहमीप्रमाणे कॉफीच्या दुकानात बसलो. काम झालं की तिथे बसून काय चुकलं ते बोलायचं, ही आमची रीत. कोपऱ्यातली जागा, फुसाए-सानच्या डाव्या हाताला भिंत, मी उजवीकडे. गोड लाल घेवड्याचा टोस्ट समोर आला तरी ती खाईना.

"जुना कुठाय, इकु-चान?"

"माळ्यावर. का गं?"

"तो आण पुढच्या वेळी."

"अगं पण लोकांना त्रास..."

"लोकांचं मरू दे," ती म्हणाली. इतक्या जोरात, की काउंटरमागच्या मालकांनी मान वर केली. फुसाए-सान असं कधी बोलत नाही. तिला माझा राग आलाय, हे नक्की. कीबोर्ड हे निमित्त.

६ ऑक्टोबर

विचार करकरून एक गोष्ट लक्षात आली. नवा कीबोर्ड टेबलावर जरा सरकतो, त्याने तिचं लक्ष विचलित होत असणार. म्हणून खाली घालायला जाड रबरी चटई आणली. शिवाय ओळ पाठवायचं बटण सारखं करंगळीने दाबावं लागतं, त्यासाठी पायाने दाबायचं पेडल घेतलं. शिवणयंत्रासारखं वाटतं. आणि सगळ्यात छान म्हणजे माझ्यासाठी वेगळी घडीची चौकी आणली, मांडीच्या उंचीची. आता माझं काहीच तिच्या टेबलावर नसेल. तिला माझा धक्काही लागणार नाही.

शोझो म्हणाले, "आता एक पडदा लाव दोघींच्या मध्ये, म्हणजे झालं."

१३ ऑक्टोबर

चौकी लावून पहिलं काम, मधुमेहावरचं व्याख्यान. आधीपेक्षा वाईट. बोलणाऱ्या डॉक्टरबाईंनी मास्क लावला होता. फुसाए-सानने जवळजवळ सगळे शेवट छापील कागदावरून घेतले. डॉक्टरबाईंनी कागद सोडून मधुमेही मांजराचा किस्सा सांगितला, लोक हसले, आणि पडद्यावर माझं अर्धं मांजर तसंच लटकत राहिलं. शेवटी मीच पुढचं टाइप केलं. अंगठा सणकून निघाला.

परतताना ती फलाटावर माझ्या पुढे चालत होती. मी हाक मारली. "फुसाए-सान." पुन्हा मारली. दोन हातांवर होती. वळून बघितलं नाही. सरळ गाडीत चढली आणि दार बंद झालं.

मी फलाटावर उभीच. एवढं काय केलं मी? चुकलं असेल तर तोंडावर बोल, पण असं वाळीत टाकल्यासारखं?

घरून फोन केला, उचलला नाही. मेसेज पाठवला, "माझ्यावर रागावली आहेस का?" लगेच उत्तर आलं. "छे गं. का रागवेन? जुना कीबोर्ड आण."

फोन उचलायचा नाही आणि मेसेजला मात्र तत्काळ उत्तर. याला राग नाही तर काय म्हणायचं? आणि तो जुना कीबोर्ड आणला तर अंगठा जाईल, हे तिला कसं सांगू? मिवा-सानचं नाव तिने अजून काढलं नाही, पण मनात असणारच.

२० ऑक्टोबर

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

आज पुन्हा बंदराकडच्या वस्तीत. या वर्षाच्या नेमणुका ठरायच्या होत्या. अध्यक्ष बोलायला लागले, मी टाइप केलं, "आसरा-घराच्या किल्लीबद्दल सांगायचं तर या वर्षीपासून ती". तेवढ्यात पेडल निसटलं. मी खाली वाकून पायाने चाचपत होते. ते पुढे म्हणाले, ती बालवाडीच्या बाईंकडे द्यावी असं ठरलं आहे, कारण आणीबाणीत फोन आला तर कुझुया-सानांना ऐकू येणार नाही. हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती.

मी वर बघितलं, तेव्हा पडद्यावर फुसाए-सानचा शेवट उमटला होता. "नेहमीप्रमाणे कुझुया-सानांकडेच राहील. त्यांचे आभार."

या वर्षीचे छापील कागद मिळालेच नव्हते, हे गेल्या वर्षीच्या कागदावरचं वाक्य. जसंच्या तसं.

मी दुरुस्त करायच्या आत कुझुया-सान उठले. कंबरेतून वाकले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नसतानाही तुम्ही हा विश्वास ठेवलात. जिवात जीव असेपर्यंत सांभाळीन." त्या मोठ्या, भिंतींवर आदळणाऱ्या आवाजात. कमरेची किल्ली हाताने धरून.

कुणी टाळी वाजवेना. बालवाडीच्या बाई रडायला लागल्या. कुझुया-सान एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग पडद्याकडे. पडदा रिकामा होता, कारण कुणी बोलतच नव्हतं. शेवटी मीच खरं वाक्य टाइप केलं. ते त्यांनी उभ्यानेच वाचलं. किल्ली सोडवून टेबलावर ठेवली आणि खाली बसले.

फुसाए-सानचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. आज आम्ही कॉफीला गेलो नाही.

२१ ऑक्टोबर

केंद्रातून साकाकिबारा-सानांचा फोन आला. वस्तीच्या अध्यक्षांनी तक्रार केली आहे. "ती ओळ कुणी टाइप केली, इकुयो-सान?"

"मी," असं म्हणून मोकळी झाले.

विचार करून नाही म्हटलं. पण खोटंही वाटत नाही. सुरुवात माझी होती. माझं पेडल निसटलं, माझ्या चौकीमुळे, माझ्या या मऊ, मुक्या कीबोर्डमुळे तिची लय तुटली. आधी ती कधी चुकत नव्हती, मी हे सामान आणल्यापासून चुकायला लागली. सरळ हिशोब आहे.

साकाकिबारा-सान काळजीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही थोडे दिवस आराम करा." ठरल्याप्रमाणे.

सगळं सामान खोक्यात भरलं. शोझोंनी चहा आणून ठेवला. गिरणीवरून एकही टोमणा मारला नाही, म्हणून जास्त रडू आलं.

२६ ऑक्टोबर

सकाळी दार वाजलं. फुसाए-सान, हातात पर्सिमन फळांची पिशवी. चप्पल काढून तडक आत आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली.

"जुना आण."

मी म्हटलं, आता कशाला? केंद्राने मला...

"इकु-चान, माझ्याकडे तोंड करून बोल. आणि तो जुना आण."

शोझोंनी माळ्यावरून काढून दिला. मी कॉम्प्युटरला जोडला. फुसाए-सानने खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली, आणि हात मागे आणून तळवा टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, "टाइप कर. मनाला येईल ते. मध्येच थांब, पुन्हा सुरू कर."

मला काही सुचेना. "आता सभेला सुरुवात होत आहे", तेच टाइप केलं. टेबल थरथरलं, पर्सिमन हलले.

"सुरू केलंस," ती म्हणाली. मी थांबले. "थांबलीस." मी हळूच दोनच बटणं दाबली. "दोन." मग मी तिला हाक मारली, नेहमीच्या आवाजात, फुसाए-सान म्हणून. त्यावर ती काहीच बोलली नाही. तशीच पाठमोरी, हात टेबलावर, वाट बघत बसली होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यातली जागा. फलाट. न उचललेला फोन. डॉक्टरबाईंचा मास्क. रोज शेजारी बसून, दुसऱ्यांच्या कानांचं काम करणारी मी, आणि मला हे दिसलं नाही.

मी उठून तिच्या समोर गेले. "कधीपासून?"

"डाव्या कानाने दोन वर्षांपूर्वी रजा घेतली. उजवा अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर आहे." हसायचा प्रयत्न केला तिने. "तुझा अर्धा भाग पडद्यावर दिसायचा, बोलणाऱ्याचे ओठ दिसायचे, बाकीचं कागदावर. आणि आपण नक्की कधी सुरू करायचं ते तुझी गिरणी सांगायची. चालत होतं गं."

मला राग आला. खरंच आला, लिहिते. कुझुया-सान उठून वाकले, ते चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस. अकरा वर्षं शेजारी बसतेय मी."

"तू सांगितलंस अंगठ्याचं? मनगटावर पट्टी लावून वर लांब बाह्या घालतेस भर सप्टेंबरच्या उकाड्यात. आणि मला काय दिसत नाही?"

मी बाही अजूनच खाली ओढली.

"मी साकाकिबारा-सानांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "ती ओळ माझी होती, सांगितलं. माझी चूक तू स्वतःच्या नावावर कशाला घेतलीस?"

"मला वाटलं, माझीच आहे."

"वेडी आहेस तू, इकु-चान." टेबलावर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, डावा, बरा असलेला. शोझो आतून बाहेर आले, बघितलं, आणि चहाचं पाणी ठेवायला परत गेले.

३ नोव्हेंबर

दोघी मिळून कुझुया-सानांकडे गेलो. माफी मागायची तर बरोबर जायचं. लिफ्ट येईपर्यंत तीन वेळा मला परत फिरावंसं वाटलं.

दारातच फुसाए-सान कंबरेतून वाकली ती उठेचना. कुझुया-सान गरजले, "मान वर करा हो. तोंड दिसल्याशिवाय मला कळणार कसं?"

ती वर झाली. मी तिचं बोलणं मांडीवरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत होते, सुरुवातही आणि शेवटही. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तुमचं मला उन्हाळ्यातच कळलं होतं. मीही सुरुवातीला तसंच करायचो. कागद आधी मागायचा, बिघडलेला कान भिंतीकडे करून बसायचं, सगळ्याला हो हो म्हणायचं."

"मग बोलला का नाहीत?" फुसाए-सान म्हणाली.

"बोललो असतो तर तुमची खुर्ची गेली असती. मला माहीत आहे ना ते कसं वाटतं." त्यांचा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे आता काही नव्हतं. "आणि चूक तर माझीही झाली. लोक टाळ्या वाजवत नाहीत म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं मला कळायला हवं होतं. आनंदाच्या भरात बघितलंच नाही."

त्यांचं हे बोलणं फुसाए-सानसाठी टाइप करताना मला पडदा दिसेना.

निघताना ते फुसाए-सानला म्हणाले, "पुढच्या सभेला या. माझ्या शेजारी खुर्ची रिकामी असते."

१५ डिसेंबर

फुसाए-सान पहिल्यांदा पडद्यासमोर बसली, कुझुया-सानांच्या शेजारी. मी माझ्या जागेवर, केंद्राने परत बोलावलं आणि डॉक्टरांनी अर्ध्या तासाची परवानगी दिली आहे. दोन तुकड्यांचा कीबोर्ड, लाकडी उशी. पेडल आणि चौकी केंद्राला देऊन टाकली. माझ्या डाव्या हाताला मिवा-सान. भीतीने तिचे हात गार पडले होते, मी धरून बघितले. इतके दिवस मला वाटायचं, ही माझी खुर्ची घेणार. तिने घेतली फुसाए-सानची.

अध्यक्ष उभे राहिले. मी सुरुवात केली. समोर फुसाए-सानने डावा तळवा तिच्या टेबलावर पालथा ठेवला होता. ते टेबल वेगळं, आणि माझ्या कीबोर्डला आवाज नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिने हात उचलून मांडीवर घेतला आणि पडद्याकडे बघायला लागली. मी टाइप करत राहिले, कारण थांबून चालत नाही.

१६ डिसेंबर

कॉफीचं दुकान, कोपऱ्यातली जागा. कालच्या कामात काय चुकलं ते बोलायचं होतं. पण बोलायचं कसं? दुकानात सकाळची गर्दी, भांड्यांचा आवाज, आणि थकली की फुसाए-सानला ओठ वाचवत नाहीत. लिहून दाखवायला मी कॉम्प्युटर नेला होता. आणि पिशवीत जुना कीबोर्डही. तसं काही ठरवलं नव्हतं. निघताना शोझोंनी तो बुटांच्या कपाटावर काढून ठेवला होता, मी उचलला.

मी तो बाहेर काढला. आजूबाजूला लोक पेपर वाचत होते. मी पहिलं बटण दाबलं आणि कप बशीत किणकिणला. दोन टेबलांपलीकडच्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. फुसाए-सानने तळवा टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. मी टाइप करत राहिले. तिने डोळे उघडून वाचलं, "काल कसं झालं ते खरं सांग, मला वाईट वाटणार नाही."

"वाईट वाटणारच," ती म्हणाली. "शेवट उशिरा येतात. मिवा-सानला सांग, इतकं नीटनेटकं लिहू नकोस, वेळेवर लिही. आणि अध्यक्ष मध्ये शिंकले, ते आलं नाही."

"शिंकही लिहायची?"

"सगळे हसले. मी का नको हसायला?"

अंगठा ठणकायला लागला होता. डॉक्टरांना कळलं तर ओरडतील. दहा ओळींपेक्षा जास्त नाही, असं स्वतःला बजावलं होतं, त्या केव्हाच होऊन गेल्या. पूर्ण ओळी, एकटीच्या. तेवढ्यात मालक टोस्ट घेऊन आले आणि कानाशी वाकून हळूच म्हणाले, "बाई, जरा बेताने वाजवा, गिऱ्हाइकं बघताहेत."

एरवी मी जमिनीत गेले असते.

फुसाए-सान माझ्याकडे बघत होती. काय म्हणाले ते, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी तेही टाइप केलं.